स्पेन्स फील्डवरची पाच मिनिटे : ग्रेट स्मोकी माउंटन्समधील १९६९ च्या शोधमोहिमेचा प्रकरण अभ्यास

१४ जून १९६९ रोजी, शनिवारी दुपारी साडेचारच्या सुमारास, अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात स्पेन्स फील्ड नावाच्या डोंगरमाथ्यावरील गवताळ माळावर सहा वर्षांचा एक मुलगा खेळता खेळता झुडपांआड गेला आणि त्यानंतर तो कोणालाही दिसला नाही. त्याचे वडील, आजोबा आणि थोरला भाऊ हाकेच्या अंतरावर होते. सहा दिवसांनी, २० जूनला, त्याला सात वर्षे पूर्ण होणार होती. त्याच्या शोधासाठी त्या उद्यानात तोवर कधीही जमली नव्हती एवढी माणसे जमली, लष्कर आले, हेलिकॉप्टर आले, आणि तरीही त्याचे काय झाले हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. त्या कुटुंबाचे नाव जुन्या वर्तमानपत्रांतून सर्वत्र छापून आले आहे; या लेखाला त्याची गरज नाही, म्हणून ते येथे घेतलेले नाही.

लहान मुलांना घेऊन डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण बारकाईने अभ्यासावे, असे मला मनापासून वाटते. या घटनेवर रहस्यकथेच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्या लिखाणात तिचा खरा गाभा हरवला आहे. रानात हरवलेल्या माणसाचा माग नाशवंत असतो, तो पावसाने पुसला जातो, आणि जो पावसातून वाचतो तो मदतीला धावून आलेल्यांच्या पायांखाली जातो. स्पेन्स फील्डवर या दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ घडल्या, आणि पुढच्या सगळ्या अपयशाची मुळे मला तरी तेथेच दिसतात.

घटनाक्रम

हे कुटुंब टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल शहरात राहत होते. अमेरिकेत जूनच्या तिसऱ्या रविवारी पितृदिन असतो, आणि त्या सुट्टीत घरातल्या पुरुषमंडळींनी मुलांना घेऊन स्मोकी डोंगरांत जायचे, असा त्यांचा नेम होता. शुक्रवारी, १३ जूनला, ते केड्स कोव्ह या खोऱ्यातून निघाले, वर चढून रसेल फील्डपाशी मुक्कामाला राहिले आणि दुसऱ्या दिवशी धारेवरच्या अ‍ॅपलेशियन ट्रेलने चालत स्पेन्स फील्डला पोहोचले. अंतर फार नव्हते, वाट रुळलेली होती, आणि मुलाने आदल्या दिवशीची चढण व्यवस्थित पार केली होती. माळावर दुसरे एक कुटुंब भेटले, त्यांच्याबरोबरही मुले होती, आणि मुलांची लगेच गट्टी जमली.

थोड्या वेळाने मुलांनी बेत केला, की वेगवेगळ्या बाजूंनी दबकत यायचे आणि गप्पा मारत बसलेल्या मोठ्यांना एकदम दचकवायचे. या मुलाने लाल रंगाचा टी-शर्ट घातला होता आणि तो लांबून दिसेल, म्हणून त्याला इतरांपासून वेगळे, दुसऱ्या बाजूने यायला सांगितले गेले. मुलांची कुजबुज मोठ्यांच्या लक्षात आली होती. ती झुडपांआड जाताना त्यांनी पाहिलीही. बाकीची मुले ठरल्याप्रमाणे ओरडत बाहेर आली, हा मात्र आला नाही. तीन ते पाच मिनिटे गेली असतील. वडिलांनी हाका मारायला सुरुवात केली, उत्तर आले नाही, आणि ते वाटेने धावत सुटले. सुमारे तीन किलोमीटरपर्यंत ते वाट धुंडाळत गेले. आजोबा मदत आणण्यासाठी केड्स कोव्हच्या रेंजर ठाण्याकडे उतरले. माळाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,४९० मीटर आहे आणि खोरे तेथून जवळजवळ ९०० मीटर खाली आहे. रात्री साडेआठच्या सुमारास, म्हणजे मुलगा दिसेनासा झाल्यावर चार तासांनी, उद्यानाच्या रेंजरांना खबर मिळाली. तोपर्यंत डोंगरावर मुसळधार पाऊस सुरू झाला होता.

येथेच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या कुटुंबाच्या निष्काळजीपणाबद्दल अनेकांनी लिहिले आहे, आणि ते मला अन्यायाचे वाटते. मोठी माणसे नजरेच्या टप्प्यात होती, जागा उघडी होती, मुले कोठे आहेत हे त्यांना ठाऊक होते, आणि उत्तर येत नाही हे कळताच मिनिटभराचाही विलंब न लावता शोध सुरू झाला. एक माणूस मदतीला खाली पाठवायचा आणि बाकीच्यांनी जागेवर शोध घ्यायचा, हा त्यांचा निर्णय आजच्या निकषांनीही बरोबर ठरतो. सह्याद्रीतल्या कितीतरी कौटुंबिक सहलींत एवढेही भान नसते. चूक शोधायचीच असेल तर ती एकाच ठिकाणी दिसते: खेळाच्या ओघात सर्वांत लहान मूल एकटे पडले. पण हे आपल्याला आज, परिणाम माहीत असल्यामुळे दिसते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

माळाभोवतीचे रान

ग्रेट स्मोकी माउंटन्स हे उद्यान टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांच्या सीमेवर पसरलेले आहे. १९३४ साली ते स्थापन झाले, त्याचे क्षेत्र २,१०० चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आहे, आणि १९८३ साली त्याचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला. अमेरिकेतल्या सर्व राष्ट्रीय उद्यानांत सर्वाधिक पर्यटक येथेच येतात. त्या देशाच्या आग्नेय भागात राहणारी मराठी कुटुंबेही लांब सुट्टीत येथे जातात. सर्वोच्च शिखर कुवोही २,०२५ मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईहून ते सुमारे पावणेचारशे मीटरच उंच. पण कळसूबाईचे वरचे अंग जसे उघडे आणि कातळी आहे, तसे येथे जवळजवळ कोठेच आढळत नाही. धार असो वा शिखर, झाडी माथ्यापर्यंत पोहोचलेली असते, आणि ज्याला आपण उघडा माथा म्हणू तो येथे अपवाद आहे.

स्पेन्स फील्ड हा असाच एक अपवाद. एकोणिसाव्या शतकात खालच्या खोऱ्यांतील शेतकरी उन्हाळ्यात आपली गुरे या माळावर चरायला आणत. उद्यान झाल्यावर चराई बंद पडली आणि कडेने झुडपे माळावर सरकू लागली. माळाच्या सीमेवर आणि उतारांवर ऱ्होडोडेंड्रॉन आणि माउंटन लॉरल या दोन सदाहरित झुडपांची जाळी आहे. स्थानिक लोक अशा जाळीला ‘लॉरल हेल’, म्हणजे लॉरलचा नरक, असे म्हणतात. मराठी वाचकाला कल्पना यावी म्हणून सांगायचे तर, भीमाशंकरच्या किंवा महाबळेश्वरच्या उतारावरची वाढलेली कारवी डोळ्यांसमोर आणावी. मात्र कारवीचे दांडे सरळ उभे असतात आणि माणूस त्यांतून अंग चोरत वाट काढू शकतो, तर लॉरलचे बुंधे वाकडेतिकडे, एकमेकांत अडकलेले आणि कमरेच्या उंचीवर आडवे पसरलेले असतात. मोठ्या माणसाला त्यांत शिरायला कोयता लागतो किंवा पोटावर सरपटावे लागते. सहा वर्षांच्या मुलाला मात्र त्याखालून वाट मिळते. अस्वले आणि रानडुकरे याच जाळीतून बोगद्यासारख्या वाटा पाडतात, आणि मूल त्यांतून सहज पुढे जाऊ शकते. जेथून ते गेले तेथून त्याच्यामागे जाणे मोठ्यांना शक्य होत नाही, आणि दोन-तीन मीटरवर ते बसलेले असले तरी दिसत नाही.

माळापासून उतार दोन्ही राज्यांत जातात. उत्तरेला टेनेसीच्या बाजूने बोट माउंटनची सोंड आणि तिच्या दोन्ही अंगांच्या घळी, दक्षिणेला नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूने ईगल क्रीकचे खोरे. वाट सोडून उतरलेल्या माणसाला सोंड आणि घळ यांतला फरक वरच्या टप्प्यात कळत नाही. शे-दोनशे मीटर खाली गेल्यावर पाण्याचा आवाज येतो आणि पाय आपोआप त्याकडे वळतात. म्हणजे चार-पाच मिनिटांत मुलाने घेतलेले एक चुकीचे वळण त्याला कोणत्याही ओढ्याच्या पाणलोटात नेऊ शकत होते, आणि एका पाणलोटातून दुसऱ्यात पोहोचायला शोधकांना पुन्हा धार चढावी लागत होती.

पाऊस

त्या संध्याकाळी आणि रात्री काही तासांत सुमारे ७५ मिलिमीटर पाऊस झाला. सह्याद्रीत जुलै महिन्यात चालणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु दीड हजार मीटर उंचीवर, रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरत असताना, अंगावर टी-शर्ट आणि अर्धी विजार एवढेच असलेल्या मुलासाठी तो जीवघेणा होता. लहान मुलाच्या शरीराचे पृष्ठफळ त्याच्या वजनाच्या मानाने मोठे असते, त्यामुळे उष्णता लवकर निघून जाते. सुती कापड भिजले की ऊब राखत नाही, उलट अंगाची ऊब शोषून घेते. आणि वाऱ्याची त्यात भर पडली की बर्फ नसतानाही, ज्याला आपण उन्हाळा म्हणू अशा महिन्यात, शीतघाताने मृत्यू येऊ शकतो. हवामान पाहता मुलगा पहिल्या किंवा दुसऱ्या रात्रीपलीकडे तगला असेल अशी आशा धरणे कठीण आहे, आणि तो वाट चुकून थंडीने गेला असावा, ही या प्रकरणाची सर्वांत साधी आणि मला सर्वांत ग्राह्य वाटणारी उपपत्ती आहे.

पावसाने दुसरेही एक काम केले. जमिनीवरचे ठसे, दबलेले गवत, उलटलेली पाने, चिखलात उमटलेली टाच हे सारे त्याने पुसून टाकले. ओढे फुगले, त्यांच्या आवाजात हाका विरल्या, आणि पुढचे काही दिवस धुके व पाऊस यांमुळे हेलिकॉप्टरच्या फेऱ्यांतही वारंवार खंड पडला. साडेचार ते साडेआठ हे चार तास, त्यांतले पाऊस सुरू होण्यापूर्वीचे तर विशेषच, या प्रकरणातले सर्वांत मोलाचे तास होते. त्या वेळात माळावर माग काढणारा एकही प्रशिक्षित माणूस नव्हता. हा कोणाचा दोष नव्हता. त्या काळी खबर पायी चालूनच जात असे.

चौदाशे माणसे

रविवारी पहाटे शोध पुन्हा सुरू झाला तेव्हा तुकडीत सुमारे ३० जण होते. ही संख्या लवकरच २४० च्या वर गेली. वर्तमानपत्रांतून आणि आकाशवाणीवरून बातमी पसरली, आणि आसपासच्या गावांतून, महाविद्यालयांतून, बालवीरांच्या पथकांतून, बचावपथकांतून माणसे येतच राहिली. नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाचे जवान आले. जवळच्या भागात सरावासाठी आलेले अमेरिकी लष्कराच्या विशेष दलाचे सैनिकही शोधात उतरले. मोहीम भरात असताना ही संख्या १,४०० पर्यंत पोहोचली आणि शोधाचे क्षेत्र १४५ चौरस किलोमीटरांपर्यंत विस्तारले. जून महिन्याच्या अखेरीस मोठी मोहीम आवरती घेतली गेली आणि मर्यादित शोध सप्टेंबरपर्यंत चालू राहिला. वडिलांनी ५,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते.

एवढी माणसे असून मूल का सापडले नाही, हा प्रश्न पहिल्यांदा मनात येतो. तो सोडवायला थोडे गणित करावे लागते, आणि हे गणित मी माझ्यापुरते करून पाहिले आहे. दाट जाळीत चालणाऱ्याला दोन्ही अंगांना दोन-दोन मीटर नीट दिसते असे धरले, तर एका फेरीत चार मीटर रुंदीचा पट्टा तपासून होतो. एक चौरस किलोमीटर जागा अशा रीतीने तपासायची तर एकंदर २५० किलोमीटर चालावे लागते. अशा जाळीत ताशी अर्धा किलोमीटर हा वेगही उदारच म्हणायचा. म्हणजे एका चौरस किलोमीटरला ५०० मनुष्यतास, आणि १४५ चौरस किलोमीटरांना ७२,५०० मनुष्यतास. चौदाशे जणांत ते वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ ५२ तास येतात, म्हणजे रोजचे आठ तास धरले तर साडेसहा दिवस. तेही केव्हा, तर कोणाचा पट्टा कोणावर चढला नाही, मध्ये फट राहिली नाही, आणि प्रत्येकाला काय पाहायचे हे कळत होते असे मानले तर. सगळे रान एवढे दाट नव्हते हे खरे, परंतु मूल असण्याची शक्यता तर दाट जागीच अधिक होती.

आता हेच गणित उलट बाजूने मांडून पाहू. मूल शेवटचे दिसले त्या जागेपासून एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्याचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस किलोमीटर भरते. ते सगळेच जाळीने भरलेले आहे असे धरले तरी सुमारे १,५७० मनुष्यतास पुरतात. साठ जाणत्या माणसांनी रोज नऊ तास काम केले तर तीन दिवसांच्या आत ते होते. त्रिज्या दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होते. पाच किलोमीटरला ते ७८ चौरस किलोमीटरांवर जाते. म्हणून शोधमोहिमेत पहिल्या दिवशीचा प्रश्न ‘माणसे किती मिळतील’ हा नसतोच. हरवलेल्याला ठराविक वर्तुळाबाहेर जाऊ न देणे आणि त्या वर्तुळात जाणत्या नजरा लावणे, एवढेच तेव्हा साधायचे असते. पायवाटांच्या तिठ्यांवर, ओढा ओलांडण्याच्या जागी, धारेवरच्या खिंडीत एकेक-दोघे बसवायचे. जेथून कोणालाही गेल्यावाचून गत्यंतर नाही तेथली माती सपाट करून ठेवायची, म्हणजे नवा ठसा उमटला की तो ओळखू येतो. आणि बाकी साऱ्यांना त्या जागेपासून दूर ठेवायचे. हे काम दिसायला निष्क्रिय वाटते. हातात काठी घेऊन, हाका मारत रान तुडवणाऱ्या माणसाला आपण काहीतरी करत असल्याचे समाधान मिळते. तिठ्यावर बारा तास गप्प बसणाऱ्याला ते मिळत नाही. स्पेन्स फील्डवर मात्र त्या गप्प बसणाऱ्यांचीच गरज होती.

मी सह्याद्रीत अशा शोधांमध्ये सहभागी झालो आहे, आणि मदतीला आलेल्या माणसांना थांबवणे किती अवघड असते हे अनुभवले आहे. गावकरी कंदील घेऊन येतात, मित्रमंडळी गाड्या भरून येतात, प्रत्येकाच्या डोळ्यांत काळजी असते, आणि त्यांना ‘तुम्ही येथेच थांबा’ असे सांगणारा माणूस कठोर ठरतो. म्हणून त्या उद्यानाच्या तेव्हाच्या अधिकाऱ्यांवर मी बोट ठेवत नाही. एका बाजूला माता-पिता, दुसऱ्या बाजूला सगळ्या देशाच्या नजरा, आणि दारात उभी असलेली शेकडो सद्भावी माणसे. अशा वेळी नकार द्यायला जी लिखित कार्यपद्धती हाती असावी लागते, ती त्या वेळी त्यांच्याजवळ नव्हती. माणसे वाढली की त्यांना वर नेणे, जेवू घालणे, रात्री मोजून परत आणणे, आणि त्यांतलाच कोणी हरवणार नाही हे पाहणे, यातच मोहिमेची शक्ती खर्च होते. मुलाचा विचार करायला शांत डोके उरत नाही.

ठसा आणि किंकाळी

शोधादरम्यान लहान पावलांचे ठसे सापडल्याची नोंद आहे. त्यांत एक पाऊल अनवाणी आणि दुसऱ्यात बूट होता असे सांगितले गेले, आणि ते ठसे एका ओढ्यापाशी जाऊन संपत होते. हा ठसा त्या मुलाचा नाही, असा निष्कर्ष तेव्हा अधिकाऱ्यांनी काढला. पुढे त्याच उद्यानात माग काढण्याचे काम केलेल्या एका रेंजरने निवृत्तीनंतर वेगळे मत मांडले: एका पायात बूट नसलेले दुसरे मूल त्या रानात असण्याचे कारण काय, असा त्याचा प्रश्न होता. मला हा प्रश्न बिनतोड वाटतो. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ताडून पाहायला मुलाच्या बुटाचा नमुना ठसा हाती नव्हता आणि आजूबाजूला बालवीरांसह शेकडो पावले उमटलेली होती. दहा माणसांच्या शोधात असा ठसा सापडता, तर सगळी मोहीम त्या ओढ्याकडे वळली असती. शेकडोंच्या शोधात त्यावर केवळ मतभेद होऊ शकले.

दुसरा धागा किंकाळीचा. त्याच दुपारी स्पेन्स फील्डपासून काही मैलांवर असलेल्या दुसऱ्या एका कुटुंबाने मोठी किंकाळी ऐकली आणि रानात एक अस्ताव्यस्त माणूस पाहिल्याचे नंतर सांगितले. यावरून अपहरणाची शंका पुढे आली, वडिलांनाही ती पटली होती. तपासयंत्रणांनी अंतर आणि वेळ यांचा मेळ घालून पाहिला आणि दोन्ही घटनांचा संबंध जोडण्याजोगे काही हाती लागले नाही. वडिलांच्या मनाची अवस्था मी समजू शकतो. मूल कोणीतरी नेले असेल तर ते जिवंत असण्याची आशा उरते. पण सहा वर्षांच्या मुलाला उचलून, वाटेवर माणसांची ये-जा असताना, त्या जाळीतून आणि उतारावरून काही मैल एका दुपारीत पार करणे, हे मला शक्यतेच्या कोटीत बसवता येत नाही. अस्वलाने नेले असेल, हीही शंका घेतली गेली. तीही पुराव्यावाचून राहिली.

त्यानंतर काय बदलले

या मोहिमेच्या अपयशातून अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने धडा घेतला. अनियंत्रित गर्दी न जमवता थोड्या, प्रशिक्षित पथकांवर भर द्यायचा आणि माग जपायचा, ही शिस्त त्यानंतर रुजत गेली. याच सुमारास शोधकार्याचे शास्त्रही आकार घेत होते. दुसऱ्या महायुद्धात बर्नार्ड कूपमन या गणितज्ञाने समुद्रात पाणबुड्या शोधण्यासाठी संभाव्यतेवर आधारलेली मांडणी केली होती. १९७० च्या दशकात ती मांडणी डोंगरातल्या शोधाला लावली जाऊ लागली, आणि विल्यम सायरोटक याने हरवलेल्या माणसांच्या नोंदी जमवून कोणत्या वयाचा, कोणत्या प्रकारचा माणूस साधारण किती लांब जातो आणि कसा वागतो याचा अभ्यास केला. या अभ्यासातून पुढे आलेली एक गोष्ट प्रत्येक पालकाला ठाऊक असावी: लहान मूल हरवले की ते बहुधा आडोसा शोधते, त्यात शिरते आणि झोपी जाते. हाकांना ते उत्तर देईलच असे नाही. अनोळखी माणसांशी बोलायचे नाही हे आपणच त्याला शिकवलेले असते, आपण चुकलो म्हणून रागावतील अशी भीती त्याला असते, आणि डोक्यावर घरघरणाऱ्या हेलिकॉप्टरला ते घाबरते. अनोळखी आवाजांत हाका मारत शेकडो माणसे जाळीपलीकडून गेली असतील, आणि मूल आत गप्प बसले असेल, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

१९८१ साली कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावर नऊ वर्षांचा एक मुलगा असाच वाट चुकला आणि चार दिवसांनी मृतावस्थेत सापडला. त्या शोधात असलेला सीमा गस्त दलातील मागकाढ्या अ‍ॅब टेलर याने त्यानंतर इतरांच्या साथीने मुलांसाठी एक शिक्षणक्रम सुरू केला. त्याचे सार एका वाक्यात मावते: हरवलास तर झाडाला मिठी मार आणि तेथेच थांब. मुलाने एकाच झाडापाशी थांबावे, शिट्टी जवळ ठेवावी, पाऊस आला तर डोके-तोंड बाहेर राहील अशी भोके पाडलेली मोठी प्लास्टिकची पिशवी अंगात घालावी, उघड्या जागी स्वतःला मोठे करून दाखवावे, आणि कोणीही रागावणार नाही याचा विश्वास बाळगावा. पालकांसाठीही त्यात एक सूचना आहे. निघण्यापूर्वी टॉवेलवर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पसरायची आणि मुलाला बुटासकट तीवर एक पाऊल टाकायला लावायचे. बुटाच्या तळव्याचा स्पष्ट ठसा उमटतो. त्यावर नाव लिहून तो गाडीत ठेवून द्यायचा. दोन मिनिटांचे काम आहे. स्पेन्स फील्डच्या ओढ्याकाठच्या त्या ठशाविषयी जो वाद अर्धशतक चालला, तो अशा एका फॉइलच्या तुकड्याने एका तासात मिटला असता.

माझ्याबरोबर मुले असतात तेव्हा मी आणखी दोन पथ्ये पाळतो. पहिले असे, की लपाछपी आणि दचकवण्याचे खेळ मुक्कामाच्या जागी जरूर खेळावेत, पण जोड्या फोडायच्या नाहीत आणि सर्वांत लहान मुलाला कधीही एकटी बाजू द्यायची नाही. दुसरे, मूल दिसेनासे झाल्यावर पहिल्या हाकेला उत्तर आले नाही, की ते जेथे शेवटचे दिसले ती जागा दगड रचून किंवा ओढणी बांधून खुणावायची आणि तेथे एका माणसाला उभे करायचे. त्याने हलायचे नाही, आजूबाजूची माती तुडवायची नाही आणि इतरांनाही तुडवू द्यायची नाही. बाकीच्यांनी तेथून निघणाऱ्या वाटांवर थोड्या अंतरावर जाऊन थांबायचे आणि हाक मारून ऐकत राहायचे. हाक मारण्यापेक्षा ऐकण्याला जास्त वेळ द्यावा लागतो, हे घाबरलेल्या माणसाच्या ध्यानात राहत नाही. म्हणून ते घरून निघतानाच ठरवून ठेवायचे. आईच्या किंवा वडिलांच्या आवाजातली हाक मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घेतलेली असली, तर शोधपथकाला तीही उपयोगी पडते, कारण मूल त्या आवाजाला ओ देण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

१९८५ साली एका माणसाने उद्यानाला एक माहिती दिली. जिनसेंग या औषधी वनस्पतीची मुळे चोरून खणण्यासाठी तो रानात जात असे, आणि मुलगा हरवल्यानंतर काही वर्षांनी ट्रेमाँटजवळच्या बिग हॉलो या घळीत एका लहान मुलाची विखुरलेली हाडे त्याने पाहिली होती. बेकायदा खणण्याबद्दल खटला होईल या भीतीने तो इतकी वर्षे गप्प राहिला होता. ती घळ स्पेन्स फील्डच्या उताराखाली सुमारे पाच किलोमीटरवर आहे, म्हणजे वाट चुकून पाण्याच्या आवाजाकडे उतरत गेलेले मूल पोहोचू शकेल अशाच जागी. या वेळी उद्यानाने गर्दी जमवली नाही. अनुभवी असे सुमारे तीस जण तेवढे गेले आणि त्यांनी ती घळ तपासली. मधल्या सोळा वर्षांत त्या घळीवर सोळा पानगळी झाल्या होत्या आणि पावसाने तिची माती कितीदा खाली वाहून नेली होती. त्यांना काहीही सापडले नाही.